मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग तास वेगवेगळे का?

आधी प्रश्न नीट मांडतो, कारण त्यात चार आकडे एकमेकांत मिसळले आहेत. विचारणारा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याचे आईबाबा जूनमध्ये पहिल्यांदाच पुण्याहून तिकडे निघालेत. मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ, थेट विमान. परत यायचं ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मुलाने अंतर शोधलं तर १२,५५० किलोमीटर निघालं. ताशी ९०० किलोमीटर वेग धरून भागाकार केला, आले १४ तास. अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने सांगितलं १६ तास ६ मिनिटं. तिकीट म्हणतं, रात्री २:२० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ८:५० ला पोहोचेल. येताना सकाळी ११:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११:३५ ला. वडील इन्सुलिन घेतात, त्यामुळे नक्की किती तास ते कळायला हवं. शिवाय, पृथ्वी फिरते म्हणून जाताना जास्त वेळ लागतो का, असंही विचारलंय.

मी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून निवृत्त झालो. विमान सुटण्याच्या काही तास आधी मार्ग, उंची, इंधन, वाटेत उतरावं लागलं तर कुठे, हे सगळं ठरवणारा जमिनीवरचा माणूस. कॅप्टनच्या सहीसोबत त्या कागदावर आमचीही सही असते. पुढचं सगळं त्या टेबलावरून दिसतं तसं लिहितोय.

तिकिटाचं कोडं आधी सोडवू, ते सोपं आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दोन्ही वेळा एका घड्याळात आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे ८:५० म्हणजे आपले संध्याकाळचे ६:२०. रात्री २:२० पासून संध्याकाळी ६:२० पर्यंत बरोबर १६ तास. येताना तिथले सकाळचे ११:३० म्हणजे आपले रात्रीचे ९. तिथून दुसऱ्या दिवशी ११:३५ पर्यंत १४ तास ३५ मिनिटं. म्हणजे तुमच्या हातात आता खरे दोन आकडे आहेत: जाताना १६, येताना १४:३५. एक सूचना जाता जाता. आईबाबांचा मुक्काम लांबला आणि परतीची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर गेली, तर अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेलेली असतात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. त्याच्या आठवडाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रकही लागू होतं. तेव्हा तारीख बदलली तर जुन्या तिकिटावरच्या वेळा डोक्यातून काढून टाका.

आता खरा प्रश्न. १२,५५० भागिले ९०० हे गणित चुकीचं नाही, पण ते ज्या विमानाला लागू पडतं ते विमान कुठेच उडत नाही.

१२,५५० हा आकडा म्हणजे गोल पृथ्वीवरची दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची रेघ. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमानाने अरबस्तान, इजिप्त, भूमध्य समुद्र असं सरळ पश्चिमेला जावं. दोरा मात्र उत्तरेला पळतो. बलुचिस्तानात क्वेट्ट्याच्या आसपासून, अफगाणिस्तानच्या वायव्य कोपऱ्यावरून, तुर्कमेनिस्तान, मग जवळपास मॉस्कोवरून, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, आइसलँडमध्ये रेक्याविक, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. वाटेत तो ६४ अंश उत्तरेच्याही वर जातो. नकाशावरची सरळ दिसणारी, एकच दिशा धरून जाणारी रेघ याहून दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब पडते.

ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवा. दोऱ्याखाली आलेल्या देशांपैकी अर्ध्यांची आकाशं कुणासाठी ना कुणासाठी बंद आहेत. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि ती बंदी एकेक महिन्याने वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत तसंच झालं होतं. अफगाणिस्तानावरचं नियंत्रण ऑगस्ट २०२१ मध्ये कोलमडलं, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या तिथून जाणं टाळतात किंवा जपून जातात. युक्रेन २४ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण बंद. रशियाने अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना केलं नाही. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, भारतीय कंपनीचा आणि अमेरिकन कंपनीचा सोयीचा मार्ग वेगवेगळा असू शकतो. न्यूयॉर्कच्या बाजूने मुंबईला येणारी एका अमेरिकन कंपनीची थेट सेवा २०२२ मध्ये याच कारणाने थांबली. मग जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये युद्ध पेटलं आणि इराण, इराक, जॉर्डनवरचं आकाश काही दिवस रिकामं झालं. पाकिस्तान टाळून इराणवरून जाणाऱ्यांना तीही वाट उरली नाही.

पाकिस्तान बंद असताना मुंबईहून निघालेलं विमान आधी अरबी समुद्रावर ओमानच्या दिशेने जातं आणि मग उत्तरेकडे वळतं. दिल्लीकरांच्या मानाने आपलं बरं आहे. दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्राकडे यावं लागतं आणि मग वर चढावं लागतं. त्यांचा वळसा मोठा, आपला लहान. तरीही जमिनीवर मोजलं तर मुंबई–न्यूयॉर्क मार्ग चार-पाच टक्क्यांनी सहज वाढतो. घाटातल्या दोन गावांचं नकाशावरचं अंतर आणि एसटीने कापायचं अंतर यात जो फरक, तोच हा. फक्त इथला घाट दर महिन्याला जागा बदलतो.

सगळे मार्ग मोकळे असले तरी आम्ही सर्वांत जवळचा मार्ग निवडतोच असं नाही. प्रत्येक देश आपल्या आकाशातून जाण्याचं शुल्क घेतो, ते हिशेबात धरावं लागतं. उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज बघून दिवसातून दोनदा नव्याने समांतर मार्ग आखले जातात, एकदा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि एकदा पूर्वेला येणाऱ्यांसाठी. त्या गर्दीच्या वेळेत तिथे पोहोचलात तर त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पण मार्ग निवडताना सर्वांत वरचढ ठरतो तो वारा.

पृथ्वीच्या फिरण्याचा प्रश्न इथेच घेतो, कारण हा गैरसमज पुष्कळ शिकलेल्या माणसांतही आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवं, असं वाटतं. अनुभव तर उलटा आहे. खरं म्हणजे हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, त्यामुळे नुसत्या फिरण्याने काही मिळतही नाही आणि जातही नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आडवळणाने होतो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळे वळते आणि मध्यम अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्या तयार होतात. त्याच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्या जास्त जोरात असतात आणि दक्षिणेला सरकतात. उन्हाळ्यात सैल पडतात आणि उत्तरेला जातात.

त्यांचा जोर कळण्यासाठी एक उदाहरण पुरेसं आहे. ९ फेब्रुवारी २०२० ला, किआरा नावाच्या वादळाच्या वेळी, न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. वाटेत त्याचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमान ध्वनीपेक्षा वेगाने उडालं का? नाही. हवेत ते आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होतं, ती हवाच पळत होती.

आपल्या मार्गावर एवढं टोकाचं होत नाही, कारण विमान वेगवेगळ्या वाऱ्यांच्या पट्ट्यांतून जातं आणि सरासरी निघते. पण त्या सरासरीनेही किती फरक पडतो बघा. समोरून नुसता ताशी ५० किलोमीटर वारा धरा: १२,५५० भागिले ८५०, म्हणजे पावणेपंधरा तास. तोच वारा पाठीमागून: १२,५५० भागिले ९५०, म्हणजे सव्वातेरा. जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक. मोकळ्या रस्त्यावर मोटार आरामात धरेल तेवढाच हा वाऱ्याचा वेग, पण चौदा-पंधरा तास न थांबता.

पावसाळ्यात आपल्याकडे एक गंमत असते. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर उंचावर वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेकडच्या जेट स्ट्रीमवर लिहिलं होतं. कागदावर बघितलं तर जूनमध्ये मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीला पाठबळ मिळायला हवं. मिळतं, पण थोडंच. एक तर मुंबई त्या पट्ट्याच्या उत्तर काठावर आहे. दुसरं, तो वारा जोरात असतो साधारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, आणि इंधनाने गच्च भरलेलं विमान सुरुवातीला नऊ-साडेनऊ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही. जसजसं इंधन जळतं तसतसं ते टप्प्याटप्प्याने वर चढतं. वर पोहोचेपर्यंत आपला पावसाळा खूप मागे राहिलेला असतो.

आता राहिला तिसरा भाग, जमिनीवरचा. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे चाकांना लावलेल्या खुंट्या, म्हणजे चॉक्स, काढून विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती वेळ. पोहोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला गेटवर पुन्हा चॉक्स लागतात ती. या दोन्हींमधला काळ म्हणजे ब्लॉक टाइम. वेळापत्रकं सगळी ब्लॉक टाइमवर बनतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं आहे, उतरल्यावर गेटपर्यंत येणं आहे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. म्हणजे एका वेळी एकच, आणि मध्यरात्रीनंतर आंतरराष्ट्रीय विमानांची रांग. केनेडीवर संध्याकाळी निघणाऱ्यांची रांग आणखी मोठी. हिवाळ्यात तिथे बर्फ पडत असेल तर पंखांवरचा बर्फ काढण्याचं काम गेट सोडल्यानंतरही होतं, तोही वेळ ब्लॉकमध्येच. शिवाय कंपन्या स्वतःची थोडी गादी घालून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेत पोहोचल्याची नोंद होते. म्हणूनच कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेआधी पोहोचतं आणि प्रवासी पायलटचं कौतुक करतात.

सगळे तुकडे जोडून तुमच्या प्रवासाचं गणित पुन्हा करू. हे ठोकताळ्याचं गणित आहे, त्या दिवशीचा खरा फ्लाइट प्लॅन नव्हे. मोठं विमान माक ०.८४-०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पट वेगाने, त्या उंचीवरच्या थंड हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरने उडतं. तुमचा वेग बरोबरच होता. जाताना वळशासकट मार्ग १३,२०० किलोमीटर धरू, समोरचा सरासरी वारा ताशी ३५. ८६५ ने भागलं तर १५ तास १६ मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची दहा मिनिटं. दोन्हीकडच्या जमिनीवर मिळून अर्धा तास. झाले १५ तास ५६ मिनिटं. तिकीट म्हणतं १६. येताना मार्ग १३,००० धरू, पाठीमागून वारा ताशी ४५. ९४५ ने भागलं तर १३ तास ४५ मिनिटं. दहा मिनिटं चढ-उताराची, चाळीस जमिनीवरची. १४ तास ३५.

मग त्या संकेतस्थळाचा १६ तास ६ मिनिटांचा आकडा इतका जवळ कसा आला? अशी काही संकेतस्थळं वेग ताशी ५०० मैल धरतात आणि चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. १२,५५० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,८०० मैल. भागिले ५०० म्हणजे १५ तास ३६ मिनिटं, अधिक अर्धा तास. म्हणजे त्यांनी वेग कमी धरला, रस्ताही कमी धरला, वारा धरलाच नाही, आणि या सगळ्या गोष्टी एकमेकींना कापून गेल्या. जाताना नशिबाने बरोबर आलं. परतीसाठीही ते १६:०६ च सांगतील, आणि तिथे दीड तासाने चुकतील. अशा संकेतस्थळांचा माझा राग नाही, पण जो आकडा दोन्ही दिशांना सारखा येतो त्यावर औषधाच्या वेळा ठरवू नयेत.

आमच्या टेबलावर जमिनीवरच्या अंतरापेक्षा वेगळाच आकडा महत्त्वाचा असतो: विमान हवेतून किती कापतं. वरचंच उदाहरण घ्या. जाताना विमान १५ तास १६ मिनिटं ताशी ९०० ने हवेतून जातं, म्हणजे त्याने सुमारे १३,७०० किलोमीटर हवा कापली. येताना पावणेचौदा तास, म्हणजे सुमारे १२,४०० किलोमीटर. हे पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या रेघेपेक्षाही कमी! इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर. बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाचा पल्ला कंपनी १३,६५० किलोमीटर सांगते. नकाशा बघणाऱ्याला वाटेल हजार किलोमीटर हाताशी शिल्लक आहेत. आम्हाला दिसतं की जाताना ते काठावर आहे. अशा उड्डाणाला सव्वाशे टनांच्या आसपास इंधन लागतं. उड्डाणाच्या वेळी विमानाचं जास्तीत जास्त वजन ३५१ टन, त्यातला तिसरा हिस्सा नुसतं इंधन. मुंबईची उकाड्याची हवा विरळ, तिच्यात पंखांना आणि इंजिनाला कमी जोर मिळतो. दूरची विमानं रात्री सुटतात त्यात हेही एक कारण आहे. तरीही गणित बसलं नाही, तर आधी माल उतरवतात, मग काही जागा रिकाम्या ठेवतात, आणि तेही पुरलं नाही तर वाटेत इंधनासाठी उतरवतात. २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर उत्तर अमेरिकेची काही विमानं व्हिएन्नाला अशीच थांबू लागली होती. अशा टेक्निकल हॉल्टला प्रवासी बहुधा विमानातच बसून असतात. इंधन भरायला तास-सव्वातास, आणि उतरणं-चढणं धरून प्रवास दोन-अडीच तासांनी लांबतो. हे तुमच्या हिशेबात असू द्या.

जवळचा मार्ग म्हणजे लवकरचा मार्ग नव्हे, याचं मला आवडणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, पश्चिमेकडून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त. पहिलं उड्डाण साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या मार्गापेक्षा लवकर. पाठीमागून वारा होता, एवढंच. न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही. पूर्वेकडून गेलो तर पॅसिफिक ओलांडून पुन्हा अख्खी अमेरिका ओलांडायची, एवढा वारा कुणाकडेच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण थेट विमानच घ्यावं का हा प्रश्न त्यात दडलेला आहे. वाटेत थांबणारं विमान लांबच्या रस्त्याने जातं असा समज आहे. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर धरले तर बेरीज १२,७५०, थेट रेघेपेक्षा फक्त दोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, म्हणजे १२,९५०. रस्ता जवळपास तेवढाच. वाढतो तो जमिनीवरचा वेळ, आणि एकूण प्रवास वीस ते चोवीस तासांवर जातो. पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी बोलताना बिचकणाऱ्या आईबाबांसाठी मी थेट विमान सुचवतो, मग तिकीट थोडं महाग पडलं तरी. पण सलग सोळा तास बसणं ज्यांना डॉक्टरांनी मना केलंय, किंवा ज्यांच्या पायाला सूज येते, त्यांना मध्ये दोन-तीन तास चालायला मिळणं खरंच बरं. त्यात अबू धाबीचा एक फायदा आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच, विमानात बसण्याआधी होते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. तिथला थांबा मात्र तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका, ती रांग मोठी असू शकते.

आता औषधांचं. डोस किती आणि कधी हे डॉक्टरच सांगतील, त्यात मी पडत नाही. पण डॉक्टरांकडे जाताना योग्य आकडा घेऊन जा. तो १६ नाही. पुण्यातून घर सोडल्यापासून मुंबई विमानतळापर्यंत चार तास धरा, पावसाळ्यात घाटात खोळंबा होतोच. विमानतळावर सुटण्याच्या किमान तीन तास आधी, व्हीलचेअर मागितली असेल तर चार. मग १६ तास विमान. टेक्निकल हॉल्ट किंवा उशीर यासाठी तीन. केनेडीवर इमिग्रेशन आणि सामान यासाठी दोन, आणि एडिसनपर्यंत गाडीने दीड-दोन. घर ते घर, तीस तासांच्या आसपास. डॉक्टरांना हा आकडा सांगा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. खालच्या सामानात ठेवलं तर ते गोठून निकामी होण्याची भीती असते. आणि वडिलांच्या हातातलं घड्याळ एडिसनला घरी पोहोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवायला सांगा. विमानातला पडदा कधी इथली, कधी तिथली वेळ दाखवतो, त्यात डोस चुकतो.

प्रवासाआधी एक काम करा. त्या उड्डाणाचा क्रमांक घ्या आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर गेल्या दोन आठवड्यांत ते प्रत्यक्षात किती वाजता सुटलं, किती वाजता पोहोचलं आणि कुठून गेलं ते बघा. सरासरी काढू नका, सर्वांत वाईट दिवस बघा आणि तो धरून चाला. मध्ये कुठे थांबलेलं दिसलं तर कंपनीला फोन करून विचारा. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण पाकिस्तानच्या बंदीची मुदत महिन्याच्या २३-२४ तारखेच्या आसपास संपते आणि बहुतेक वेळा त्याच दिवसांत वाढते. शिवाय मुंबईच्या बाजूला आता दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर जुना सहारचा, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. पुण्याच्या टॅक्सीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नका.

आणि तुम्ही एडिसनहून निघायची घाई करू नका. ॲपवर विमान उतरलेलं दिसलं की घर सोडा. ते गेटवर लागून, रांगा संपवून, बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत तुम्ही पोहोचलेले असाल.